टिकलीची साय

सरोजिनीबाई फणसे चौथीपर्यंत शिकल्या होत्या. पाचवीत शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून शाळा सोडली, असं त्या सांगत, आणि इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्यांच्या चार मजली इमारतीत त्यांना उलट विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. सासऱ्यांच्या पणजोबांनी म्हणे होळकरांच्या पागेत घोडे सांभाळले होते. त्या घोड्यांनी कोणत्या लढाया जिंकल्या हे घराण्यात कोणालाच धड सांगता येत नसे. पण घोडे काय खात, ते सरोजिनीबाईंना तोंडपाठ होतं. भिजवलेला हरभरा, गूळ, आणि सणासुदीला तुपातली लापशी. "जनावराला जसं घालाल तसं ते देतं," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते त्यांनी नवऱ्यालाही लावून पाहिलं होतं. नवऱ्यानं शेवटपर्यंत ढेकरेशिवाय काही दिलं नाही, पण त्यानं सिद्धांताला बाध येत नाही.

हे प्रकरण सुरू झालं नातीच्या, पलकच्या डोहाळजेवणात. चाळीस बायका जमलेल्या, पलक फुलांच्या झोपाळ्यात, आणि पलकची सासू अरुंधतीबाई भजी खाता खाता सहज म्हणाल्या, "डिंकाच्या लाडवांना तुम्ही तूप कुठलं घेणार, माईसाहेब? आमच्याकडे डबा येतो. फार छान असतो. वर गायीचा फोटो असतो."

सहज म्हणाल्या, असं सून विनीता, पलकची आई, आजही म्हणते. सरोजिनीबाईंना ते मान्य नाही. विहीण सहज काही म्हणत असती तर तिला विहीण कोण म्हणालं असतं?

"फोटोतली गाय दूध देते वाटतं तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. बायका हसल्या. तिथे थांबायला हवं होतं. पण हशा एकदा मिळाला की माणूस पुढच्या वाक्यात दुसरा सापडतो का बघतो. "पहिलं बाळंतपण माहेरी होणार. फणश्यांच्या घरची बाळंतीण बाजारचं तूप खात नाही. तीन किलो तूप घरी कढवीन. एका गायीचं. एक चमचा जरी बाहेरचा पडला, तर मी फणश्यांचं नाव लावणार नाही!"

चाळीस बायकांनी ऐकलं. विनीतानं तर जास्तच नीट ऐकलं, कारण ती शाळेत गणित शिकवत होती आणि घरात ताक तीच घुसळत होती. रोजचं तीन लिटर दूध, त्यावरची साय, हातात दोन महिने. जमेल, पण काठावर.

एक गाय म्हणजे टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती बायपासच्या पलीकडच्या खेड्यात श्रीकृष्ण चौधरीच्या गोठ्यात राहायची. श्रीकृष्णच्या बापानं सरोजिनीबाईंच्या लग्नात बासुंदीचं दूध घातलं होतं, आणि बापामागे गेली तीस वर्षं श्रीकृष्ण रोज सकाळी मोटारसायकलला कॅन अडकवून येत होता. इमारतीला सगळ्या गायींचं एकत्र दूध. फणश्यांची बरणी वेगळी, त्यात फक्त टिकली. तो बरणी दाराशी ठेवून घंटी दोनदा दाबायचा. पहिली दूध आल्याची, दुसरी माईसाहेबांच्या मानाची.

टिकलीची साय म्हणजे साय होती. भाकरीसारखी उचलली जायची. सरोजिनीबाई रोज ती झाऱ्यावर घेऊन उजेडात धरत, आणि पलीकडचा उजेड दिसला नाही की समाधानानं डब्यात टाकत. पहिल्या बारा दिवसांत पाऊण किलो तूप झालं. एखाद्या शहाण्या बाईनं देवापुढे साखर ठेवून गप्प बसायचं. पण सरोजिनीबाईंच्या मनात आलं, तीनच किलो का? चार का नाही? चार किलोंचा डबा विहिणीच्या समोर उघडताना तिचं तोंड कसं दिसेल, हे त्यांना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी त्याच सकाळी हरभरा भिजत घातला.

इथे गोग्रासाचं सांगायला हवं. पहिली पोळी गायीची, हा नेम सगळ्या इमारतीत होता. पूर्वी गाय गल्लीतच असायची. हाक मारायचीही गरज नव्हती, तीच खिडकीशी येऊन हाक मारायची. मग शहर स्वच्छ झालं, देशात पहिलं आलं, गायी हद्दीबाहेर गेल्या आणि गोग्रास घरात अडकला. रोज सकाळी प्रत्येक ओट्यावर एक पोळी गायीची वाट बघत वाळायची. कोणी म्हणे कावळ्याला घाला, कोणी म्हणे ॲप असतं. शेवटी सरोजिनीबाईंनी श्रीकृष्णच्या हाती आपला डबा दिला.

"हे टिकलीला घाल. तुपाची पोळी आहे, गूळ-हरभरा आहे."

"माईसाहेब, उसको भूसा ही..."

"भुसा!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "श्रीकृष्णा, भुसा गादीत भरतात. जनावराला जसं घालाल तसं ते देतं. आमच्या पागेत..."

पागेचं नाव निघालं की श्रीकृष्ण मान खाली घालायचा. त्यानं डबा घेतला. सकाळी नऊला ही वार्ता तिसऱ्या मजल्यावर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात डब्यांची रांग लागली. सगळ्यांनाच कधीचा गोग्रास पोचता करायचा होता. आणि इंदूरचा माणूस नुसती पोळी कशी पाठवेल? चौथ्या मजल्यावरचे बाबूराव, रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेले, रविवारी पाव किलो जिलबी घेऊन आले.

"आपण सकाळी पोहे-जिलबी खातो, वहिनी. गायीनं काय पाप केलंय?"

सोमवारी कोणीतरी सेव पाठवली. मंगळवारी उरलेल्या कचोऱ्या. गुरुवारी कोणाचं उद्यापन होतं, म्हणून तेलात निथळणाऱ्या पुऱ्या आणि शिरा. सरोजिनीबाईंनी स्वतः शेंगदाण्याच्या तेलाची वाटी सुरू केली, कारण साय म्हणजे शेवटी चिकटाई, आणि चिकटाई आत गेल्याशिवाय बाहेर कशी येणार, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. श्रीकृष्णची मोटारसायकल दुधाचे कॅन घेऊन येताना आणि कॅनपेक्षा जड डबे घेऊन जाताना दिसू लागली. वरातीतला घोडा तेवढा राहिला होता.

आठवड्याभरात टिकली अर्धा लिटर जास्त दूध द्यायला लागली.

"बघितलंस?" सरोजिनीबाई सुनेला म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. पण दिवसातून अकरा वेळा म्हणाल्या.

आणि मग साय पातळ झाली.

एके सकाळी त्यांनी झारा उजेडात धरला आणि त्यातून समोरच्या गॅलरीतली तुळस दिसली. दुसऱ्या दिवशी तुळशीची पानं मोजता आली. तिसऱ्या दिवशी झारा घातला तर साय उचललीच जाईना. पातेल्याच्या कडेला चिकटून बसली, दूध उतू गेल्यावर ओट्यावर राहते तशी.

"गॅस मोठा ठेवला असशील," त्या विनीताला म्हणाल्या.

"नाही हो, आई."

"मग पातेलं बदललंस."

"तेच पातेलं आहे."

"मग तू रागात दूध तापवलंस. रागात तापवलेल्या दुधाला साय धरत नाही."

पुढचे दोन दिवस विनीतानं दूध हसत हसत तापवलं. साय तशीच.

मग सल्ले आले. दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला की दृष्ट लागली असेल, बरणीला काळा दोरा बांधा. बांधला. कोणी म्हणालं, दूध फ्रिजमध्ये पूर्वेकडे तोंड करून ठेवा. बरणीला तोंड एकच आणि ते वरच्या बाजूला, त्यामुळे हा सल्ला अर्ध्यात राहिला. शेवटी बाबूराव आले. त्यांनी कागदात गुंडाळलेली काचेची नळी आणली होती, लॅक्टोमीटर. ती त्यांनी दुधात सोडली, चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला.

"पाणी नाही."

"नीट बघा."

"वहिनी, चाळीस वर्षं मी काटे वाचलेत. पाणी अजिबात नाही. उलट काटा जरा जास्तच शुद्ध दाखवतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या मालधक्क्यावर असं व्हायचं. पोत्याचं वजन बरोबर, शिवण शाबूत, आणि आतला माल बदललेला. अशा वेळी चोरी रस्त्यात झालेली असते. समझ रहे हो ना?"

सरोजिनीबाई समजल्या. म्हणजे पाणी नाही, साय! सायच वरच्या वर काढून घेतली जात होती!

त्या रात्री त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पण सकाळी घंटी दोनदा वाजली तेव्हा त्या दार उघडून थेट जिन्यात आल्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. जिन्यात डबे घेऊन पाच-सहा जण होतेच.

"श्रीकृष्णा, नाव काय रे तुझं?"

"श्रीकृष्ण, माईसाहेब," तो गोंधळून म्हणाला.

"हो ना? तो निदान दुसऱ्यांच्या घरात लोणी चोरायचा. तू आपल्या गिऱ्हाइकाच्या बरणीतलं चोरतोस! माझ्या नातीच्या बाळंतपणाची साय कुठे विकतोस? सराफ्याच्या खाऊगल्लीत रबडीवाल्याला?"

जिन्यातले डबे हातातल्या हातात राहिले. श्रीकृष्णनं हातातली कालची रिकामी बरणी खाली ठेवली. पन्नाशीचा माणूस, त्याचे कान लाल झाले.

"माईसाहेब, बाप की सौगंध, मैंने उँगली भी नी लगाई. आप खुद आके दुह लो." एवढंच म्हणाला. खाली गेला. डबे मात्र सगळे घेऊन गेला, एकही सोडला नाही. असा माणूस.

दुसऱ्या दिवशी दूध आलं. बरणी दाराशी होती, नेहमीसारखी पुसलेली. पण घंटी वाजली नाही.

"आली कधी ही?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"ठेवून गेला," विनीता म्हणाली.

"चोराच्या मनात चांदणं," सरोजिनीबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या तीनदा दाराशी जाऊन घंटीचं बटण दाबून आल्या, बिघडलीय का बघायला. बिघडली नव्हती.

आता पुरावा हवा होता. विनीताच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीत दुधाची बाटली धरून, सरोजिनीबाई दूध तपासणीच्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या साहेबांनी फॉर्म दिला. फॉर्ममध्ये पहिलाच रकाना: गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, बारा आकडी.

"कान तिच्याकडे आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "दूध मी आणलंय."

"बिना नंबर के नहीं होगा, अम्माजी. और नमुना देनेवाले का पशु से रिश्ता?"

"रिश्ता?"

"मालिक, वारिस, या संस्था?"

"मी तिची वारस? अजून मी आधी जाते का ती, हे ठरायचंय!"

विनीतानं मध्ये पडून 'ग्राहक' लिहिलं. साहेबांनी ते खोडलं; ग्राहकाला तक्रारीची खिडकी वेगळी, ती मंगळवारी उघडते, आणि तिथे नमुना बर्फात आणावा लागतो. ती खिडकी मंगळवारी उघडली. पण तोवर बर्फ वितळला होता. पुढच्या मंगळवारी बर्फ घट्ट होता आणि साहेब रजेवर. तिसऱ्यांदा बाटलीतल्या दुधाचं दही लागलेलं निघालं. साहेबांनी वास घेतला आणि म्हणाले, "दही अच्छा जमा है." तेवढं एकच प्रमाणपत्र त्या कचेरीतून मिळालं. त्यालाही शिक्का नव्हता.

तोवर घरात एकूण दीड किलोच तूप झालं होतं आणि पलकला आठवा संपत आला होता. ती माहेरी आली, तिनं पाय वर घेतले आणि म्हणाली, "आजी, मला नं, डब्याचं तूपही चालेल हं." सरोजिनीबाईंना भर दुपारी अंधारून आलं.

"आप खुद आके दुह लो म्हणाला ना?" त्या म्हणाल्या. "चल."

पहाटे साडेपाचला सासू-सून स्कूटरवरून बायपास ओलांडून खेड्यात पोचल्या. सरोजिनीबाईंनी घरची पितळी चरवी आणली होती, स्वतः घासलेली, वाटेत कोणाचा हात लागू नये म्हणून पदराखाली धरलेली. श्रीकृष्णनं खुर्ची पुसून दिली. त्यांनी ती टिकलीच्या इतकी जवळ ओढली की शेपटीचा एक फटका पहिल्याच मिनिटाला बसला. धारा काढल्या गेल्या. त्यांनी पापणी हलवली नाही. चरवी भरली, त्यांनीच उचलली, श्रीकृष्णच्या चुलीवर त्यांनीच तापवली, त्यांनीच निववली आणि त्यांनीच झारा उजेडात धरला.

झाऱ्यातून टिकली दिसली. अख्खी. ठिपक्यासकट.

आता बोलायला काही उरलं नव्हतं. म्हणून सरोजिनीबाई बोलल्या, "या झाऱ्यातच काहीतरी आहे."

त्याच वेळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर आलेली जनावरांची डॉक्टर लसी टोचायला गोठ्यात शिरली. शर्वरी तिचं नाव, तिशीची, पायात गमबूट. तिच्या कानावर फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, उतरल्याचं आलंच होतं; केंद्रात जाणाऱ्या टिकलीच्या उरलेल्या दुधात तो चार-सव्वाचार टक्क्यांवरून दोन पूर्णांक सहावर आला होता. आजार म्हणावा तर दूध वाढलेलं. ती टिकलीसमोर उभी राहून तिचं तोंड न्याहाळायला लागली.

"ही रवंथ करत नाही," ती म्हणाली. "भुसा तसाच पडलाय. शेणही पातळ. श्रीकृष्णभिया, खाते काय ही?"

टिकलीनं स्वतःच उत्तर दिलं. तिनं भुशाचं घमेलं नाकानं बाजूला ढकललं आणि मान लांब करून मोटारसायकलवरच्या, कालपासून उरलेल्या डब्यांकडे बघून हंबरली. शर्वरीनं वरचा डबा उघडला. जिलबी. दुसरा उघडला. कचोरी. तिसऱ्यात तेलाची वाटी हरभऱ्यावर उलटलेली.

"हे कोण घालतं हिला?"

विनीता चरवीत बघायला लागली. सरोजिनीबाईंनी खुर्ची दोन वीत मागे ओढली.

श्रीकृष्ण पुढे झाला. "घर पे मेहमान आए थे, डॉक्टर साब. बच्चे थे. नासमझ हैं, डाल दिया होगा."

बाहत्तराव्या वर्षी सरोजिनीबाई कोणाच्या तरी गोठ्यात नासमझ लेकरू झाल्या. आणि तेही त्यांची लाज झाकण्यासाठी. जिन्यात त्यांनी त्याला चोर म्हटलं, आणि हा माणूस त्यांच्या जिलबीवर आपला पंचा टाकत होता.

"मेहमान नाही," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजाच्या एक चतुर्थांश निघाला. "मी घालते. साय वाढावी म्हणून."

शर्वरी हसली नाही. म्हणून तर पुढचं सगळं झालं. ती हसली असती तर सरोजिनीबाईंनी तिला पागेपासून सुरुवात करून जेवायच्या वेळेपर्यंत सोडलं नसतं.

"माईसाहेब, साय गायीच्या तोंडातून आत जात नाही. निम्मी तर ती स्वतःच कासेत तयार करते. आणि कशापासून? या भुशापासून."

"भुशापासून साय? त्यात चिकटाई तरी आहे का?"

"गायीच्या पोटात पहिला कप्पा असतो, टाकीएवढा. त्यात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव राहतात. ते भुसा-चारा आंबवतात. त्यातून सिरक्यासारखा आंबट रस होतो, तो रक्तातून कासेत जातो आणि कास त्याचे कण जोडत जोडत स्निग्धांश विणते. स्वेटर विणतात तसा, दोन-दोन टाक्यांनी. बाकीचा निम्मा खाण्यातल्या तेलातून आणि तिच्या अंगावरच्या चरबीतून येतो."

"म्हणजे तेलातून येतो ना!" सरोजिनीबाईंनी काडी पकडली.

"थोडं चालतं. वाटीभर रोज, वर पुऱ्या, कचोऱ्या घातल्या की टाकीतल्या जिवांना ते सोसत नाही. त्यात हरभरा, गूळ, जिलबी, म्हणजे टाकी फारच आंबट. मग ते जीव त्या तेलाचं भलतंच काहीतरी करून बसतात, ते कासेत पोचतं, आणि कास विणकाम थांबवते. दूध भरपूर. साय नाही."

"पण आमच्या पागेतले घोडे..."

"घोडा रवंथ करत नाही, माईसाहेब."

 सरोजिनीबाईंनी टिकलीच्या फुगलेल्या डाव्या कुशीकडे पाहिलं.  मग त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे तिच्या पोटात विरजण लागतं."

"अगदी तेच."

"आणि मी विरजणाच्या भांड्यात रोज जिलबीचा पाक आणि वाटीभर तेल ओतत होते." त्या सुनेकडे वळल्या. "पन्नास वर्षं मी घरात सगळ्यांना सांगत आले, विरजणाला हलवू नका, कमीजास्त करू नका. विने, माझ्या विरजणात कोणी कचोरी टाकली असती तर मी काय केलं असतं?"

"जिन्यात उभं केलं असतंत," विनीता म्हणाली.

हे तिनं बोलायला नको होतं. पण लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि पहाटे साडेपाचपासून ती उपाशी होती.

टिकलीचा खुराक उतरला. भुसा, हिरवा चारा, सरकी जेमतेम. चार दिवस ती डब्यांकडे बघून रुसली, मग भुशाला लागली. इमारतीत सरोजिनीबाईंनी फर्मान काढलं: गोग्रास म्हणजे एक कोरडी पोळी, तुकडा तुकडा, सगळ्या गायींत वाटून. बाबूराव जिलबी घेऊन आले तर त्यांना दारातच उभं केलं. "खा," त्या म्हणाल्या, "तुमच्या पोटात टाकी नाही." दोन आठवड्यांनी साय उचलली जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात झाऱ्यापलीकडचा उजेड बंद झाला.

घंटी मात्र वाजली नाही. बरणी यायची, पुसलेली, वेळेवर. सरोजिनीबाई आतून पायांचा आवाज ऐकायच्या. एकदा त्यांनी दार उघडलंही, पण तो तोवर खालच्या मजल्यावर होता, आणि फणश्यांच्या घरची बाई दूधवाल्याच्या मागे जिना उतरत नाही.

पलक दहा दिवस आधीच बाळंत झाली. मुलगी. आणि तूप भरलं दोन किलो. वर एक ग्रॅम नाही. विनीतानं तीनदा तोललं. बारशाला त्याच चाळीस जणी येणार, त्यात अरुंधतीबाई, आणि अरुंधतीबाईंची स्मरणशक्ती घरात प्रसिद्ध होती.

बाबूराव सल्ला द्यायला आलेच. "वहिनी, किलोभर डब्यातलं मिसळा. कढवलं की एकजीव होतं. कोण ओळखतंय?"

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पायऱ्या मागे सरकले.

"मिसळू?" त्या म्हणाल्या. "ज्यानं मिसळलं नाही, त्याला मी जिन्यात चोर म्हणाले. आणि मी मिसळू?"

बारशाच्या दिवशी त्यांनी श्रीकृष्णला बायकोसकट बोलावणं धाडलं. तो आला, पांढरा सदरा, नवा पंचा, आणि जिन्यातच उभा राहिला; वर यायला पाय उचलेना. वरून बायका येत-जात होत्या. अरुंधतीबाई लाडू चाखत दाराशी उभ्या होत्या.

"चव छान आहे हं, माईसाहेब. तूप घरचंच ना? तीन किलो म्हणाला होतात."

"दोन झालं."

"अगं बाई! मग तिसरं?"

सरोजिनीबाई दाराबाहेर आल्या. जिन्यात, त्याच पायरीवर, जिथे त्या दिवशी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. या वेळी हातांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पदर धरला.

"तिसरं माझ्या शहाणपणानं खाल्लं, विहीणबाई. गायीला जिलबी घातली मी, हौसेनं. तिची साय गेली, आणि मी आळ या माणसावर घेतला. इथेच, सगळ्यांसमोर. साय त्यानं चोरली नव्हती. मी घालवली होती." त्या श्रीकृष्णकडे वळल्या, कडू काढ्याकडे वळतात तशा. "श्रीकृष्णा, चुकलं माझं. ऐकू आलं का सगळ्यांना? दुसऱ्यांदा नाही म्हणणार."

 विनीतानं पुढच्या कित्येक वर्षांसाठी ते वाक्य मनात साठवून ठेवलं. अरुंधतीबाईंनी हातातला लाडू संपवला आणि हळूच म्हणाल्या, "दोन किलो पुष्कळ झालं हो. आणखी एक देता का?"

श्रीकृष्ण पंच्याची टोकं चाचपत राहिला. "अरे, माईसाहेब, आप भी... चलो, चलो, बच्ची को दिखाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजिनीबाई सव्वासहापासूनच दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. का बसलात, असं कोणी विचारलं नाही. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पायांचा आवाज आला. बरणी ठेवल्याचा आवाज आला.

घंटी वाजली. दोनदा.

सरोजिनीबाईंनी लगेच दार उघडलं नाही. मनात दहा आकडे मोजले. मग कडी काढून त्या म्हणाल्या, "एवढ्या जोरात काय वाजवतोस? घरात बाळंतीण झोपलीये."